बोटीवरच्या मुलाचं नाव यादीतून काढू देऊ नका

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात खाडीकाठी राहतो. मला तीन मुलगे. थोरला नौदलात, सध्या विशाखापट्टणमला. मधला आठ वर्षं कुवेतला नोकरी करतो. धाकटा शिपिंगला आहे, सात-आठ महिने बोटीवर आणि मग तीन-चार महिने घरी. यादी तपासायला आलेल्या बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) बाई म्हणाल्या, "तिघंही इथे राहत नाहीत, फॉर्म ७ वर सह्या करा, नावं कमी करू." वाडीतले काही जण सांगतात, नावं राहू दे, मतदानाच्या दिवशी त्यांची कार्डं घेऊन कुणीतरी मत टाकून येईल. मी काय करू?

उत्तर : ताई, तिघांसाठी एकदम सह्या तर मुळीच करू नका. आणि वाडीतल्यांचा सल्ला मनावर घेऊ नका. दुसऱ्याच्या कार्डावर मत टाकणं ही तोतयेगिरी आहे. भारतीय न्याय संहितेत तिला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि अडकेल तो तुमच्याच घरातला नाहीतर शेजारचा पोरगा.

तुमचे तिघेही घरापासून लांब आहेत, पण कायदा तिघांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो.

धाकट्यापासून सुरुवात करते, कारण हकनाक नाव जाईल ते त्याचंच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटलंय की माणूस काही काळासाठी बाहेर गेला एवढ्यावरून त्याचं गावातलं रहिवासीपण संपत नाही. तुमचा मुलगा करार संपला की घरीच येतो, त्याचं सामान, आधार, बायकामुलं सगळं इथे. तो गावचा सर्वसाधारण मतदार आहे आणि राहणार. बोटीवर जाणारी बरीच मुलं आणखी एका ठिकाणी गोंधळतात. बँकेत एनआरआय खातं असतं, आयकरात दिवस मोजून अनिवासी ठरतात, म्हणून मतदार यादीतही आपण परदेशस्थ, असं त्यांना वाटतं. आयकराच्या त्या हिशोबाचा मतदार यादीशी काडीचाही संबंध नाही.

त्याला टपाली मत मात्र मिळत नाही. टपाली मताची सोय सैन्यदलं, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे वृद्ध, दिव्यांग अशांना आहे, मर्चंट नेव्हीला नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी पोरं महिनोन्‌महिने समुद्रात असतात, मतदानाची तारीख पाहून कुणी कंपनी त्यांना साइन-ऑफ (बोटीवरून उतरायची मोकळीक) देत नाही. तरीही नाव टिकवायलाच हवं. यादीत नाव असेल तर ज्या निवडणुकीला तो घरी असेल, तिथे तरी मत देईल.

थोरल्याची गोष्ट वेगळी. तो सेवा मतदार होऊ शकतो, म्हणजे बाहेर नेमणूक असूनही सैनिक म्हणून त्याचं नाव गावच्याच मतदारसंघात लागतं. त्यासाठी फॉर्म २ त्याने आपल्या युनिटमार्फत भरायचा, तुम्हाला तहसीलच्या पायऱ्या चढायची गरज नाही. विशाखापट्टणमला तो कायम बंदरावरच असेल आणि तिथेच राहत असेल, तर तिथला सर्वसाधारण मतदार होण्याचाही मार्ग आहे. पण नाव एकाच ठिकाणी. फॉर्म २ बरोबर गावच्या यादीतली जुनी नोंद कळवून ती काढायला त्याने लेखी सांगावं. खोटं प्रतिज्ञापन केलं तर १९५० च्याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. (मुंबईत एक आणि गावी एक अशी दोन नावं बाळगणाऱ्या चाकरमान्यांनीही हे वाचावं.) सून त्याच्याबरोबर राहत असेल तर तिचंही नाव त्याच्यासोबत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सैन्यातल्या स्त्रियांच्या नवऱ्यांनाही ही सोय मिळाली आहे.

सेवा मतदाराला मतपत्रिका आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवतात. तो ती छापतो, खूण करतो, अधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापनावर सही करतो आणि पाकीट टपालाने परत धाडतो. पाकिटाला तिकीट लागत नाही. मतमोजणी सुरू व्हायच्या आत ते पोचलं नाही तर मत मोजलं जात नाही. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडे ७ मेला मतदान आणि ४ जूनला मोजणी होती, वेळ भरपूर होता. त्याच वर्षी विधानसभेला अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, उमेदवार ठरल्यावरच मतपत्रिका निघते, आणि २३ ला मोजणी. जहाज समुद्रात असेल तर एवढ्या दिवसांत पाकीट येणं कठीण.

म्हणून त्याला मी प्रॉक्सीचा पर्याय सुचवेन. २००३ पासून सैन्यदलांतल्या मतदाराला फॉर्म १३एफ भरून, आपल्या अधिकाऱ्यासमोर सही करून, मतदारसंघात राहणाऱ्या सज्ञान माणसाला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येतं. तुम्ही स्वतः त्याच्या प्रॉक्सी होऊ शकता. केंद्रावर तुमच्या मताची शाई डाव्या तर्जनीला लागेल आणि त्याच्या मताची मधल्या बोटाला. एकदा केलेली नेमणूक तो रद्द करेपर्यंत चालते, पण मग त्याला टपाली मतपत्रिका येणार नाही. फॉर्म उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवा, तेव्हा निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. वाडीतल्यांच्या युक्तीत आणि यात फरक एवढाच नि एवढाच आहे की इथे मुलाची सही आणि कायद्याची मुभा आहे.

मधल्याने फॉर्म ६ए ऑनलाइन भरावा. त्याच अधिनियमाच्या कलम २०ए प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेला भारतीय परदेशस्थ मतदार होतो, २०११ पासून ही सोय आहे. पण नाव लागतं ते पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात. आपल्याकडे बऱ्याच जणांचे पासपोर्ट मुंबईच्या खोलीच्या पत्त्यावर निघालेले असतात. त्याचाही तसाच असेल तर नाव मुंबईत लागेल. गावीच हवं असेल तर नूतनीकरणाच्या वेळी आधी पत्ता बदलून घ्यावा. त्याला वेगळं मतदार कार्ड मिळत नाही, मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. गणपतीला मिळणारी रजा मतदानाला मिळेल असं नाही, हे मीही जाणते. परदेशस्थांना प्रॉक्सी देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये बारगळलं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने टपाली मताची तयारी सरकारला कळवली, तरी अजून केंद्रावर येण्यावाचून इलाज नाही.

आता बीएलओ बाईंचं. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना वरून यादी स्वच्छ करायला सांगितलेलं असतं. पण नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावीच लागते. धाकट्यासाठी साध्या कागदावर लिहा : "माझा मुलगा नोकरीनिमित्त तात्पुरता जहाजावर आहे, त्याचं कायम घर हेच आहे, नाव कमी करू नये." सोबत त्याच्या सीडीसीमधल्या (खलाशाच्या सेवा-पुस्तकातल्या) साइन-ऑन, साइन-ऑफच्या पानांच्या आणि चालू कराराच्या प्रती जोडा. तरीही नाव गेलं तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. अर्ज तहसील कार्यालयात मतदार नोंदणीच्या टेबलावर द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.