पेशी आणि स्नायू: ट्रोपोनिन नेमकं कुणाचं?

घाटंजीकडच्या एका बारावीच्या मुलीनं विचारलंय: ‘व्हिडिओतले हिंदी सर सांगतात, ट्रोपोनिन पेशी-संकुचनाचं नियमन करते. आमच्या मॅडम म्हणतात, स्नायूंच्या आकुंचनाचं. पेशी म्हणजे सेल ना?’ (ट्रोपोनिन हे स्नायूतलं एक प्रथिन.)

मराठीत लिहायचं तर मॅडमचं ऐक. हिंदीत सेल म्हणजे कोशिका आणि मसल म्हणजे पेशी. आपल्याकडं सेल ही पेशी, मसल हा स्नायू. त्यात हिंदीवाले नर्व्हलाही स्नायु म्हणतात, आपण चेता. (घरच्या म्हाताऱ्याला विचारशील तर पेशी म्हणजे कोर्टाची तारीख: ‘उद्या यवतमाळले पेशी हाये.’ ती फारशीतून आलेली, मांसाशी तिचा संबंध नाही.)

मूळ अर्थ मात्र हिंदीनं राखलाय. सुश्रुतसंहितेत पेशी 500 आणि स्नायू 900 मोजलेत. तिथं पेशी मांसाची, आणि स्नायू म्हणजे नावेच्या फळ्या बांधाव्यात तसे सांधे बांधणारे तंतू. मराठीनं बांधणाऱ्याचं नाव ओढणाऱ्याला दिलं. आता रुळलंय, राहू द्या.

मला खटकतो तो ‘आकुंचन’. त्यावरून वाटतं, आतले धागे आखडत असतील. 1954 मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं की धागे तेवढेच राहतात, एकमेकांवरून सरकतात. दोन्ही गटांत हक्सले आडनावाचा एकेक जण, पण नात्यातले नव्हेत! विहिरीतून बादली काढताना दोर आखूड होतो का? हातावर हात टाकत आपण तो ओढतो. स्नायूतले धागे दोन प्रथिनांचे, मायोसिनचे आणि ॲक्टिनचे; मायोसिनची डोकी ॲक्टिनचा धागा तसाच ओढतात.

एरवी ॲक्टिनवरच्या हात टाकायच्या जागा ट्रोपोमायोसिन नावाचं आणखी एक प्रथिन झाकून बसलेलं असतं. चेतेचा निरोप आला की स्नायूपेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ट्रोपोनिनला चिकटतं, आणि ट्रोपोनिन त्या झाकणाला बाजूला सारतं. कॅल्शियम परत साठ्यात गेलं की जागा झाकल्या जातात, स्नायू सैल पडतो. ट्रोपोनिन स्वतः काहीच ओढत नाही, फक्त ओढू द्यायचं की नाही ते ठरवतं. म्हणून ‘नियमन’ हा शब्द नेमका आहे.

आणि धरलेला हात सुटायला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) लागतं. मेल्यावर ते संपतं, पकड सुटत नाही. मढं अकडलं म्हणतात ते हेच, आणि इथं आपलं ‘अकडणं’ पुस्तकातल्या कुठल्याही शब्दापेक्षा चपखल बसतं. उत्तरपत्रिकेत मात्र ‘स्नायू आकुंचनाचे नियमन’ लिही, आणि वर मी ‘स्नायूपेशी’ म्हटलंय ती स्नायूतली सेल, हिंदीतली पेशी नव्हे.