कथानक, कथावस्तू, संविधानक: तिन्ही एकच का?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय की मुलीला अकरावीला कथेचं रसग्रहण लिहायचंय, एका गाईडात कथानक, दुसऱ्यात कथावस्तू, तिसऱ्यात संविधानक, तर हे सगळं एकच का, आणि निवेदक म्हणजे लेखकच ना?

ताई, प्लॉट या अर्थानं तिन्ही चालतात. संविधानक जास्त करून नाटकाच्या जुन्या परीक्षणांत भेटतो. घोळ होतो कथावस्तूचा, कारण काहीजण तो थीमसाठी पण वापरतात. पण संस्कृत नाट्यशास्त्रात 'वस्तु' म्हणजे कथानकच, दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपक या नाट्यावरच्या ग्रंथात रूपकांचे, म्हणजे नाटकांचे, भेद वस्तु, नेता (नायक) आणि रस यांवरून केलेत, आणि वस्तूचे परत दोन प्रकार, मुख्य ती आधिकारिक, तिला धरून येते ती प्रासंगिक, म्हणजे रामाची गोष्ट आधिकारिक आणि सुग्रीवाची प्रासंगिक. आपण आज सबप्लॉट म्हणतो त्याला हजार वर्षांपूर्वी नाव होतं, मला याचं फार अप्रूप वाटतं! थीमला मात्र आशयसूत्रच म्हणा, गोंधळ राहत नाही.

मुलीला खरं समजवायला हवं ते गोष्ट आणि कथानक यातलं अंतर. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये ते राजाराणीच्या मरणावरून सांगितलं, आपण आपल्याकडचं घेऊया. 'बापूस वारला, मग भाट (म्हणजे बागायती जमीन) विकलं गेलं' ही गोष्ट. 'बापूस वारला, वाटणीवरून भावांत बिनसलं आणि एकमेकांना मिळू नये म्हणून त्यांनी भाट विकलं' हे कथानक, कारण इथं 'मग काय झालं' सोबत 'का झालं' पण आलं. लेखक विक्रीपासून सुरुवात करून बापसाचं मरण शेवटी सांगू शकतो, घटना त्याच पण कथानकाची मांडणी बदलली. आणि आशयसूत्र लिहिताना नुसतं 'जमीन' लिहू नका, तो विषय झाला, जमिनीपुढं भावांचं नातं टिकत नाही असं काहीतरी पूर्ण म्हणणं लिहायचं.

निवेदक म्हणजे लेखक नव्हे, इथं मार्क जातात. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या, १८९० पासून ती करमणूक साप्ताहिकात क्रमशः आली, लिहिणारा पुरुष पण सगळं सांगते यमू, स्वतःच्या तोंडून. तेव्हा 'लेखक म्हणतो की माझं लग्न झालं' असं लिहिलं तर कसं चालेल, तिथं 'निवेदक यमू सांगते' असंच हवं. आणि तृतीयपुरुषी कथेत सांगणाऱ्याला नाव नसलं तरी 'निवेदक' लिहिलेलं बरोबरच.