‘छोटूला कोण बघणार, ते आधी ठरवा’

मावशी,
आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. मोठी मुलगी अकरावीत, मुलगा आठवीत आणि त्यानंतर अकरा वर्षांनी झालेला धाकटा, तो आता दोन वर्षांचा होईल. दोघा मोठ्यांना दिवाळीनंतर खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय. दोन दिवसांचंच काय ते जमेल. हे म्हणतात, एवढ्या लांब कशाला, शिर्डीला जाऊ. आईला दर्शन होईल, मुलांचं वॉटर पार्क होईल. सासूबाई म्हणतात, बाळाला माझ्याजवळ ठेवून जा. पण त्यांचे गुडघे इतके दुखतात की पळत्या पोरामागे त्या कशा धावणार? परवा जेवताना मोठी म्हणाली, “जायचं असेल तर छोटूला कोण बघणार, ते आधी ठरवा. मी नाही.” मला फार लागलं. मी म्हटलं, “मी बसेन त्याला घेऊन, तुम्ही मजा करा.” तर ती आणखीच चिडली आणि ताटावरून उठून गेली. माझं काय चुकलं? सहल करावी की रद्द करावी?
– एक आई, नाशिक

अगं, सहल कर. रद्द अजिबात करू नकोस. इमॅजिका, शिर्डी, गुडघे या सगळ्याकडे येतेच, पण आधी लेकीच्या त्या दोन शब्दांकडे. तुझं खरं पत्र तेवढंच आहे.

बाळ झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तेव्हापासून “जरा बघ गं याच्याकडे” हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल? दर वेळी पाचच मिनिटांचं काम. कुकर उतरवेपर्यंत, दारावरच्या कुरिअरला सही देईपर्यंत. त्यामुळे कोणीच त्याचा हिशेब ठेवला नाही, पण तिने ठेवला. आणखी एक गोष्ट मला पत्रात दिसली. आठवीतल्या चिरंजीवांनी बाळाला सांभाळल्याचा एका ओळीतही उल्लेख नाही. तो सांभाळतही असेल, पण तुझ्या लिहिण्यात तरी ते काम त्याचं नाही. हे मुलीच्या नजरेतून सुटत नसतं.

मग “मी बसेन” म्हटल्यावर ती का चिडली? तू तिच्या मजेची किंमत तिला सांगितलीस म्हणून. आई दिवसभर बाकावर बसणार हे डोक्यात ठेवून कोणती सोळा वर्षांची पोर रोलर कोस्टरवर सुखाने ओरडेल? तीन-चार राइड झाल्या की ती स्वतःच येऊन म्हणेल, “आण इकडे त्याला.” आणि तुम्ही दोघी मनातल्या मनात एकमेकींवर रागावून घरी याल. तुझा त्याग खरा असेल गं, पण तो तिच्यावर ओझं होतो.

तेव्हा तिला आजच सांग: पार्कच्या फाटकापासून फाटकापर्यंत छोटू आईबाबांचा. तुम्ही मोठी माणसं दोन आहात आणि लहान मूल एक, इतकं साधं गणित आहे. एक तास तू, एक तास यजमान. त्यांनी गाडी चालवली म्हणून ते दमले, हे कारण चालणार नाही. तू तर गाडीतही मागे बसून बाळच सांभाळलेलं असणार. आणि तुझ्या सुट्टीच्या तासात तू खरंच राइडमध्ये बसायचं. कालिकेच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसून ओरडलेली असशीलच ना कधीतरी? मग झालं तर.

आता शिर्डी. अंतराच्या दृष्टीने यजमानांचं बरोबर आहे. सिन्नरमार्गे नव्वदेक किलोमीटर, सकाळी निघून रात्री घरी. तिथे वॉटर पार्क आहे, साईतीर्थसारखं बसून बघायचं ठिकाणही आहे. दोन वर्षांच्या पोराला तर गुडघाभर पाण्यात थपथप करणं कोणत्याही यंत्रापेक्षा प्रिय. आणि सहल त्याची असती तर मी म्हटलंही असतं, डोळे मिटून शिर्डीला जा. पण ही सहल त्याची नाही. मोठ्यांनी मागितलेली आहे. त्यात आजीचं दर्शन, बाळाचं पाणी आणि वर “बघा, तुम्हालाही नेलं की” असं सगळं कोंबलं तर मुलांना ते लगेच कळतं. शिवाय दर्शनाची रांग, ओले कपडे आणि पेंगुळलेलं पोर एकाच दिवसात? ज्याने हा बेत सुचवला, त्यालाच ते ओले टॉवेल धुवायला दे! सासूबाईंना शिर्डीला स्वतंत्र न्या, निवांत, आडवारी. त्यांनाही त्यात जास्त समाधान वाटेल.

बाळाला आजीकडे ठेवायचं का? तो तुझ्याशिवाय याआधी एखादी रात्र राहिला असेल आणि मदतीला घरात आणखी कोणी धडधाकट असेल, तर जरूर. नसेल तर पहिला प्रयोग याच वेळी नको. दोनशे किलोमीटरवर बसून तू फोन हातात धरून राहशील. सासूबाईंना सांग, तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते म्हणून नेतोय. त्यात खोटं काहीच नाही.

म्हणजे इमॅजिका, पाचही जण. आता तुझ्या दोन दिवसांत हे कसं बसवायचं?

नाशिकहून खोपोली साधारण दोनशे किलोमीटर. पहाटे उठून, बाळाला अर्धवट झोपेत गाडीत घालून, पार्क उघडताना फाटकावर हजर, असा बेत पुरुषमंडळींना फार आवडतो. तो करू नका. पहिल्या दिवशी घरी वरण-भात जेवून दुपारी साडेबारा-एकला निघा. बाळाची झोप गाडीत होईल. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून कसारा घाटात ट्रकमागे रांगत उतरायची गरज उरलेली नाही. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदाच आहे, मुलांनाही गंमत वाटेल. शहापूरला उतरून मुरबाड, कर्जत करत खोपोली गाठता येते. मात्र समृद्धीवर चढलात की चहा-टपरीवर थांबू, ही सोय नाही. तेव्हा बाळाचा डायपर, सगळ्यांचं शू-शी आणि पेट्रोल हे घोटी-इगतपुरीलाच उरकून घ्या. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचाल.

बाळाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसायचं नाही. कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट हवीच, नाहीतर हजार रुपये दंड. दंडाचं सोड, एकदा ब्रेक लागला तर आईचे हात पुरत नाहीत. सीट नसेल तर नात्यात, सोसायटीत विचार, कोणाकडे तरी धूळ खात पडलेली असते. दोन-चार दिवस आधी बसवून गंगापूर रोडला एखादी चक्कर मारून आण, म्हणजे रडून घ्यायचं ते तिथे घेईल.

मुक्कामाला पार्कला लागून मोठं हॉटेल आहे, खोपोलीत त्यापेक्षा स्वस्तातलीही आहेत. पैसे कुठे घालायचे हा प्रश्न पडला तर मी म्हणेन, जेवणावर वाचव पण खोली जवळची घे. दुपारी बाळ किरकिर करायला लागलं की जवळची खोली किती मोलाची, ते तुला तिथेच कळेल. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून पार्क, आणि जमलं तर ती रात्रही तिथेच. दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसाने रात्री नाशिकपर्यंत गाडी चालवणं मला पटत नाही. एक रात्र वाढवणं शक्यच नसेल तर साडेचार-पाचला निघायचं, हे मुलांना आधीच सांगून ठेव, ऐन वेळी नको.

तारीख दिवाळीच्या आठवड्यातली घेऊ नका. तेव्हा अख्खी मुंबई आणि अख्खं पुणे तिथेच असतं. सुट्ट्या संपता संपता एखादा मंगळवार-बुधवार बघा. तिकीटही आडवारी सहसा स्वस्त पडतं. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं. एकाच दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, कुठलंच धड होत नाही.

निघायच्या आधी एक काम मुलाबरोबर कर, आणि ते त्याची थट्टा न करता. भिंतीशी उभं करून उंची मोज. मोठ्या राइडला उंचीची अट असते, फाटकावर मोजपट्टी असते, वय तिथे कोणी विचारत नाही. आठवीतली पोरं काही ताडमाड, काही अजून वाढायची. बहिणीच्या देखत, रांगेत तासभर उभं राहून, शेवटच्या पायरीवरून परत पाठवलं तर त्याचा दिवस तिथेच संपला. अट आधी बघून ठेवली, तर तो मनाची तयारी करून जाईल आणि दुसरं काहीतरी हेरून ठेवेल. बाळाचीही उंची मोज, कारण तिथे लहान मुलांचं तिकीटही उंचीवर ठरतं.

आत शिरलात की दोघा मोठ्यांना सोडा. खरंच सोडा. नायट्रो हा तिथला सगळ्यात धिप्पाड रोलर कोस्टर, पायाखाली फळीच नाही, पाय लोंबकळत ठेवून उलटं फिरवतो. त्याच्या रांगेत पहिल्या तासातच उभं राहायला सांग, नंतर रांग वाढत जाते. डीप स्पेस अंधारातला आहे, तोही त्यांनाच लखलाभ. दोघांनी एकत्र राहायचं, फोन चार्ज ठेवायचा, एक वाजता आणि चार वाजता ठरलेल्या जागी भेटायचं. एवढे तीन नियम पुरेत. दर वीस मिनिटांनी “कुठे आहात” असा फोन केलास तर सोडलंस असं होत नाही. आणि हो, सकाळी रस्सा-तर्रीची मिसळ नको. नाशिककरांना हे सांगणं जिवावर येतं, पण उलटं फिरणाऱ्याने इडली खावी.

तुमच्या दोघांपैकी जो मोकळा, त्याने मुलांबरोबर जावं. यजमानांना बीपी वगैरे असेल तर मात्र मोठ्या राइडबाहेरची पाटी वाचूनच. राजासॉरसची पाण्यातली सफर मुलाबरोबर त्यांनी करावी. हा डायनासोर कोणी कल्पनेने रचलेला नाही बरं. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. आठवीतल्या मुलाला बाबांपेक्षा जास्त माहीत असण्याची संधी मिळाली की तो दिवसभर खूश असतो.

आणि तू? तू मोठीबरोबर एका तरी राइडमध्ये बस. तिला निवडू दे. घाबरलीस तर तिचा हात धर. सोळाव्या वर्षी आईला धीर द्यायला मिळणं ही मुलीला फार आवडणारी गोष्ट आहे, कबूल करणार नाही ती.

छोटूची मला सगळ्यात कमी काळजी आहे. त्याच्यासाठी गोल फिरणारे घोडे आहेत, छोट्या राइड आहेत, आणि त्याला तिथलं कबुतरच सगळ्यात जास्त आवडेल, याची तयारी ठेव. एवढं महागाचं तिकीट आणि पोरगं कबुतरामागे, असं म्हणून हळहळायचं नाही. दुपारी एक ते तीन त्याला झोपव, ढकलगाडीत किंवा खोलीवर. ती झोप चुकली तर संध्याकाळ पाचही जणांची जाते. घाटाखालची हवा आपल्यासारखी नाही, हेही लक्षात असू दे. नाशिकमध्ये सकाळी स्वेटर लागतो आणि खोपोलीत दुपारी घामाच्या धारा. सुती कपडे, टोपी, ओआरएसची पाकिटं, आणि त्याच्या ओळखीचं खाणं: मऊ भात, केळी, नाचणीचं सत्त्व, राजगिऱ्याचा लाडू. बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या खाण्याचं आणि ढकलगाडीचं फोन करून आधीच विचारून ठेव, म्हणजे फाटकावर वाद नको. त्याच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे.

राहिला अकरावीचा क्लास. पत्रात तू लिहिलं नाहीस, पण अकरावी म्हणजे क्लास असणारच, आणि आडवारी जायचं तर तो बुडणारच. क्लासला फोन तू कर, तिच्यावर सोडू नकोस. ताप आला, आजोळी लग्न आहे, असलं काही सांगायचं नाही. सरळ सांग, दोन दिवस सहलीला चाललोय, राहिलेला भाग ती भरून काढेल. आणि हा फोन ती खोलीत असताना कर.

– मावशी