रिकॉम्बिनंट फॅक्टर टेन मागवू का आधी प्लाझ्मावर भागवू?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टला पन्हाळ्याकडच्या एका वनस्पतीच्या अर्कानं रक्त गोठायला उशीर लागतो का ते बघायचंय, सर म्हणतात रिकॉम्बिनंट (म्हणजे जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली) फॅक्टर टेन आणि थ्रॉम्बिन ही रक्त गोठवणारी प्रोटीनं मागवा, पण कॅटलॉगात एकाच फॅक्टरचे पाच-सहा प्रकार वेगवेगळ्या भावात दिसतायत, तर घ्यायचा कुठला. मी आधी पुण्यात रिसर्च लॅबला होतो, आता इथं कोल्हापुरात राजारामपुरीत पॅथॉलॉजीत आहे, तर माझं मत सरळ सांगतो, आत्ता काहीच मागवू नका.

आधी साधा प्लाझ्मा घ्या, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेला पातळ भाग. निळ्या टोपणाची ३.२ टक्के सायट्रेटची ट्यूब (सायट्रेट कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही), नऊ भाग रक्त एक भाग सायट्रेट, आणि हो, मित्रांचं रक्त काढायचं असलं तरी एथिक्स कमिटीची परवानगी लागतेच. त्यात अर्क घालून पीटी, एपीटीटी आणि थ्रॉम्बिन टाइम या गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या तिन्ही चाचण्या लावा. तिन्ही लांबले तर अर्क थ्रॉम्बिनला नाहीतर फायब्रिनोजेनला (थ्रॉम्बिन ज्याची गुठळी करतं ते प्रोटीन) धरतोय असं समजा, पीटी आणि एपीटीटी लांबले पण थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल आला तर फॅक्टर टेन, फाइव्ह किंवा प्रोथ्रॉम्बिनकडं (थ्रॉम्बिनचं आधीचं रूप) बघायचं. पण इथंच एक गंमत आहे, बऱ्याच वनस्पतींचे अर्क नुसतं कॅल्शियम बांधून ठेवतात, पीटी-एपीटीटीला ते लागतं आणि थ्रॉम्बिन टाइमला लागतच नाही, त्यामुळं फॅक्टर टेन अडवल्यासारखंच हुबेहूब चित्र दिसतं! म्हणून कॅल्शियम वाढवून परत लावून बघा, वेळ खाली आली तर तुमचा शोध तिथंच संपला, फॅक्टरचे पैसे वाचले. टॅनिनचंही (वनस्पतीतला तुरट पदार्थ) तसंच, ते प्रोटीन साकळवतात.

एवढं होऊन फॅक्टर टेनवरच संशय राहिला तर मग कॅटलॉग उघडा, आणि किमतीच्या आधी तो कुठल्या पेशीत बनवलाय ते वाचा. फॅक्टर टेनच्या एका टोकाला ११ ग्लुटामेट (एक अमिनो आम्ल) असतात, लिव्हरच्या पेशी व्हिटॅमिन के वापरून त्यांच्यावर जादा कार्बोक्सिल लावतात, तेव्हा कुठं तो कॅल्शियम धरून फॉस्फोलिपिडवर (पेशीच्या पडद्यातली चरबी) बसतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी नेमकं हेच काम बिघडवते. ई. कोलाय या बॅक्टेरियाकडं ही सोयच नाही, म्हणून ई. कोलायमधला फॅक्टर टेन स्वस्त दिसला तरी तो अँटीबॉडी तपासायला ठीक, गोठण्याच्या प्रयोगाला बिनकामाचा. सीएचओ (हॅमस्टरच्या) किंवा हेक (माणसाच्या) अशा सस्तन प्राण्याच्या पेशीतला, व्हिटॅमिन के घालून वाढवलेला बघा. याउलट टिश्यू फॅक्टरला (गोठणं सुरू करणारं प्रोटीन) हे कार्बोक्सिलचं लफडंच नाही, तो ई. कोलायमध्ये छान बनतो, पीटीच्या काही रिएजंटमध्ये तोच असतो. म्हणजे ई. कोलाय वाईट असं नाही, कुठलं प्रोटीन आहे त्यावर आहे सगळं.

दुसरं म्हणजे टेन आणि टेन-ए यात घोळ घालू नका. टेन झोपलेला, टेन-ए जागा. अर्क एन्झाइमला अडवतो का हे बघायचंय तर टेन-ए घ्या. थ्रॉम्बिनचं म्हणाल तर पहिल्या फेरीला गाईचं थ्रॉम्बिनसुद्धा चालतं, सरांना वाईट वाटलं तरी चालेल.

कंट्रोलला (तुलनेसाठी, गोठणं अडवतं हे माहीत असलेलं औषध) सगळे हेपॅरिन घेतात, पण शुद्ध थ्रॉम्बिन आणि सबस्ट्रेट (थ्रॉम्बिननं तोडला की रंग देणारा पदार्थ) एवढंच प्लेटच्या विहिरीत असेल तर हेपॅरिन जवळपास काहीच करणार नाही कारण त्याला रक्तातलं अँटीथ्रॉम्बिन हे प्रोटीन लागतं. तिथं रिकॉम्बिनंट हिरुडिन घ्या, जळवेचं प्रोटीन, थेट थ्रॉम्बिनलाच पकडतं. रीडिंग ४०५ नॅनोमीटरला असतं आणि अर्क पिवळा असेल तर आकडे फसवतात, नुसत्या अर्काचा ब्लँक लावाच. बफर ट्रिस किंवा हेपीस, फॉस्फेट नको, कॅल्शियम खाली बसतं. थ्रॉम्बिन काचेला चिकटतं म्हणून प्लास्टिकच्या ट्यूब आणि थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). आल्या आल्या छोटे छोटे भाग करून उणे ८० ला टाका, एकच ट्यूब परत परत वितळवू नका.

आणि ऑर्डर शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये टाकू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, पार्सलमधला ड्राय आइस काय पाणी ओसरायची वाट बघत बसत नाही. दिवाळीनंतर मागवा, तोवर प्लाझ्माचं काम उरकून होतं.