पाखोम लोभी होता, एवढ्यावर भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॉलस्टॉयच्या 'माणसाला किती जमीन लागते?' या कथेतला पाखोम कष्टाळू आहे, कुणाला लुबाडत नाही, जमिनीचे दाम मोजतो. मग त्याला लोभी का म्हणायचं? आणि सैतानानं ठरवूनच त्याला गोवलं असेल तर त्यात त्याचा दोष कुठला? मुलीला यावर स्वभावचित्रण लिहायचं आहे आणि गाइडमधलं उत्तर तुम्हाला पटत नाही.

न पटणं बरोबरच आहे. ही कथा मी वर्गात शिकवतो. निम्म्या उत्तरपत्रिकांत 'अति तिथे माती' लिहून पोरं मोकळी होतात. शेवटचं पान वाचून शेवटच्या पानाबद्दल लिहिलं की असंच होणार.

आधी पाखोमची बाजू घेऊ. कथा १८८६ सालची. रशियातले भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, १८६१ साली मुक्त झाले खरे, पण त्यांच्या वाट्याला आलेली जमीन तोकडी, आणि तिचे हप्ते वर्षानुवर्षं फेडायचे. पाखोमच्या गावाशेजारी एका बाईची इस्टेट असते. तिनं कारभारी म्हणून एक निवृत्त शिपाई नेमलेला. घोडा ओटच्या पिकात शिरला की दंड, गाय बागेत गेली की दंड, वासरं कुरणात दिसली की दंड. दंड भरून घरी आलेला पाखोम बायकापोरांवर राग काढतो. अशा माणसाला स्वतःचा तुकडा हवासा वाटला तर त्यात लोभ कसला? बांधावरची भांडणं पाहिलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

पुढे तो जमीन घेतो. साठवलेले शंभर रूबल असतात. शिंगरू विकतो, निम्म्या मधमाश्या विकतो, मुलाला मजुरीला लावतो, मेहुण्याकडून उसने घेतो. जमीन होते साधारण चाळीस एकर. इथवर मी पूर्णपणे त्याच्या बाजूनं आहे.

मुलीला पुढचा भाग दोनदा वाचायला सांगा. शेजाऱ्यांची गुरं आता पाखोमच्या शेतात शिरतात. सुरुवातीला तो हुसकून लावतो, सोडून देतो. मग एक दिवस तक्रार करतो. टॉलस्टॉय तिथे स्पष्ट सांगतो की हे लोक खोडसाळपणानं करत नाहीत, त्यांना जमीन कमी पडते म्हणून होतं, हे पाखोमला ठाऊक आहे. कळत असूनही तो त्यांना दंड करायला लावतो, कारण नाहीतर आपलं सगळं चरून खातील. म्हणजे ज्या शिपायाच्या जाचाला कंटाळून त्यानं जमीन घेतली, तोच शिपाई तो स्वतः होतो. मग कुणीतरी त्याच्या रानातली लिंडेनची कोवळी झाडं सालीसाठी तोडतं. हा गावातला सेम्याच असणार असं ठरवून पाखोम त्याला कोर्टात खेचतो. पुरावा नाही, सेम्या सुटतो. मग पाखोम न्याय करणाऱ्यांशीही भांडतो, तुम्ही चोरांना सामील आहात म्हणतो. गावात पाखोमचं घर पेटवून देण्याच्या धमक्या ऐकू येतात.

माझ्या मते कथेचा खरा कणा हा आहे. पाखोमचा लोभ एकरांत मोजू नका, त्याच्या आजूबाजूला माणसं किती उरली ते मोजा. गावातले लोक दुसरीकडे वस्ती करायला निघालेत अशी बातमी येते, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार कोणता? बरं झालं, जातील तेवढी जमीन आपल्याकडे येईल, ऐसपैस राहू. शेजारी निघून चाललेत याचं त्याला काहीच वाटत नाही. पुढे व्होल्गा नदीपलीकडे समारा प्रांताकडे त्याला सामायिक जमिनीतून भरपूर वाटा मिळतो, गहू पिकतो, पैसा हातात खेळतो. काही दिवस बरे जातात, मग तिथेही अडचण वाटू लागते. एका व्यापाऱ्याच्या भागीत खंडानं घेतलेल्या जमिनीवरून वाद होतो, केलेली नांगरट फुकट जाते. आपली स्वतःची असती तर कुणापुढे मान तुकवावी लागली नसती, असं त्याला वाटतं. हे वाक्य ऐकायला स्वाभिमानाचं वाटतं, म्हणून विद्यार्थी फसतात. आणि गवताळ माळावर गुरं-घोडे पाळणाऱ्या बश्कीर लोकांकडे जमीन घ्यायला निघतो तेव्हा बायको घरीच, सोबत फक्त एक गडी.

आता सैतानाचं. तो चुलीमागे बसून ऐकतो हे खरं. जमीन भरपूर असती तर सैतानालाही भ्यालो नसतो, असं पाखोम बोलतो आणि तिथून खेळ सुरू होतो. पण पुढे सैतान करतो काय? गावकरी एकत्र येऊन बाईची जमीन विकत घेऊ पाहतात तेव्हा तो त्यांच्यात फूट पाडतो. एवढी एक गोष्ट टॉलस्टॉयनं उघड त्याच्या नावावर घातली आहे, आणि तीही माणसं फोडण्याचीच. बाकी तो फक्त बातम्या पोचवतो. शेवटच्या रात्रीच्या स्वप्नात पाखोमला दिसतं की हसणारा बश्कीर म्होरक्या, बश्कीरांची बातमी देणारा व्यापारी आणि व्होल्गाकडून आलेला शेतकरी हे सगळे एकच, शिंगं-खुरांचा सैतान. त्याच्यापुढे एक मेलेला माणूस पडलाय, तो खुद्द पाखोम. एवढं पाहूनही सकाळी उठून तो गड्याला हाक मारतो, चल, उशीर होतोय. दोष कुणाचा हे मुलीनं यावरून ठरवावं.

बश्कीरही फसवत नाहीत. हजार रूबल, दिवसभरात पायी जेवढी फेरी मारशील तेवढी जमीन तुझी, अट एकच, सूर्य मावळायच्या आत निघालास तिथे परत ये. पाखोम दुसऱ्या बाजूनं बराच लांब गेल्यावर वळणार, तेवढ्यात पुढे एक ओलसर खोलगट जागा दिसते. इथे जवस झकास येईल, सोडवत नाही. तो खळगा आत घेऊन मग वळतो. नेमकं हे उदाहरण द्यावं, कारण इथे लोभ अगदी शहाण्या शेतकऱ्याच्या भाषेत बोलतो. पिकाचं त्याचं गणित चुकीचं नाहीच. शेवटी तिसरी बाजू अर्धवट टाकून, जमीन वेडीवाकडी झाली तरी चालेल म्हणत, जिथून निघाला त्या टेकडीकडे तो धावत सुटतो. पोचतो आणि मरतो.

एक अवांतर, पण शिक्षक खूश होतील असं. १८७१ मध्ये खुद्द टॉलस्टॉयनं याच समारा प्रांतात २५०० देस्यातिन, म्हणजे साडेसहा हजार एकरांहून जास्त जमीन घेतली होती. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा उपचार घ्यायला तो तिकडे बश्कीरांत जाऊन राहायचा, आणि तेव्हाच प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस वाचत होता. एका दिवसात घोड्यावरून फिरून येशील तेवढी जमीन तुझी, ही प्राचीन काळच्या सिथियन या भटक्या लोकांची प्रथा हेरोडोटसमध्ये आहे. तेव्हा जमिनीची ओढ लेखकाला ऐकीव नव्हती. पाखोमला काळीभोर माती आणि छातीपर्यंतचं गवत दिसतं तो वर्णनाचा तुकडा म्हणूनच इतका जिवंत उतरलाय, असं मला वाटतं.

कथेच्या शेवटी पाखोमला पुरायला तीन अर्शिन जमीन, म्हणजे जेमतेम सात फुटांचा खड्डा पुरतो. त्यावर बारा वर्षांनी रशियन कथाकार चेखॉव्हनं टोला हाणला. त्याच्या १८९८ च्या गूजबेरीच्या कथेत एक पात्र म्हणतं की तीन अर्शिन प्रेताला लागतात, माणसाला अख्खी पृथ्वी हवी. आक्षेप दमदार आहे. पण ज्याला शेजारीच नकोसे झालेत त्या पाखोमला तो कितपत लागू पडतो, हा प्रश्न मुलीनं उत्तरात विचारला तर मी तरी पूर्ण गुण देईन. शब्दमर्यादा कमी असेल तर चेखॉव्ह सोडा, खड्डाही एका ओळीत उरका. दंडाचा प्रसंग मात्र सविस्तर लिहायला सांगा.