सरकारी लॉटरी आणि मोबाइलवर आकडा लावायची लॉटरी, दोन्ही एकच ना?

एकच नाही, अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ मोबाइलवर रोज लॉटरी खेळतो, निकाल नागालँड नाहीतर केरळच्या सरकारी लॉटरीचा धरतात म्हणून तेही सरकारीच असं त्याचं म्हणणं, आणि घरातले मोठे म्हणतात की सगळा जुगारच, त्यात फरक कसला. मला दोन्ही पटत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या वडिलांनी, आण्णांनी, मिरजेत एसटी स्टँडच्या बाहेर लॉटरीची तिकिटं विकून आम्हा भावंडांना वाढवलं आणि "जुगारच की तो" हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय.

आधी कायद्याचं. सरकारी लॉटरीसाठी केंद्राचा 1998 चा कायदा आहे. तिकीट राज्य सरकारने छापायचं, त्यावर सरकारचं बोधचिन्ह पाहिजे, सोडत सरकारने स्वतः काढायची आणि आपल्याच राज्यात काढायची, विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जमा झाला पाहिजे, एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच (नागालँडची रोज तीन वेळा दिसते कारण प्रत्येक वाराची नि वेळेची लॉटरी वेगळ्या नावाची असते), आणि नुसत्या एका आकड्यावर बक्षीस ठेवायचं नाही. आता भावाचं ॲप उघडून बघा. निकालाचा शेवटचा एक आकडा नाहीतर शेवटच्या दोन आकड्यांची जोडी लावायची, जोडी लागली तर रुपयाला नव्वदच्या आसपास. तिकीट नाही, सिरीज नाही, पैसा जातो तो कुणाच्या तरी यूपीआयवर. नागालँड सरकारला त्यातला एक पैसा मिळत नाही आणि त्यांचा त्याच्याशी संबंधही नाही. केरळचं तर अजून सरळ आहे, केरळ सरकार तिकीट ऑनलाइन विकतच नाही, फक्त कागदी.

दुसऱ्याचा आकडा उचलून त्यावर पैसे लावायचे हा प्रकार आपल्याकडे साठ वर्षं जुना आहे. मुंबईत मटका ज्यातून निघाला त्या आकड्याच्या जुगारात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे ओपन आणि क्लोज (बाजार उघडतानाचे नि बंद होतानाचे) भाव यायचे, त्यावर लोक आकडा लावायचे. कल्याणजी भगत, रतन खत्री ही मटकावाल्यांची नावं त्याच्या पुढची. भाव खरेच होते, पण म्हणून मटका काही कापूस बाजाराचा झाला नाही. तुमच्या धाकट्याला एवढंच विचारा. महाराष्ट्र राज्य लॉटरी 12 एप्रिल 1969 ला सुरू झाली तीच मुळी मटका जोरात असताना, लोकांनी तिकडे जाऊ नये हाही एक हेतू होता, हे आमच्या आण्णांना तोंडपाठ होतं आणि गिऱ्हाइकाला ते अभिमानाने सांगायचे.

आण्णांचा स्टॉल म्हणजे लाकडी खोकं, वर आडव्या दोऱ्या, त्यावर चिमट्याने लावलेली तिकिटं. गणपती बंपर, दिवाळी बंपर आला की समोर मोठा बोर्ड. तिकीट हातात देताना ते गिऱ्हाइकाला तिथेच मागच्या बाजूला नाव-पत्ता लिहायला लावायचे, लिहिता येत नसेल तर स्वतः लिहून द्यायचे, कारण बक्षीस लागल्यावर तो कागद म्हणजेच सगळं. मी दहावीत असताना ते मला मुंबईला सोडत दाखवायला घेऊन गेले होते. समोर पंच बसलेले, आकड्यांची चक्रं फिरवायची, थांबली की एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, लिहायचा, पंचांच्या सह्या. बघायला आलेली माणसं म्हणजे आमच्यासारखे विक्रेते नि दोन-चार हौशी गिऱ्हाइकं. आण्णा मला म्हणाले, हे नीट बघून ठेव, उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे की तिथं कुणाचा हात नसतो.

मग 2002-03 च्या सुमारास स्टँडसमोर ऑनलाइन लॉटरीची दुकानं आली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितली असतील, काचेचं दार, आत कॉम्प्युटर, दुसऱ्या राज्यांच्या लॉटऱ्या, दर पंधरा मिनिटांनी ड्रॉ. आण्णांना पण मशीन घ्या म्हणून ऑफर आली होती, ते नको म्हणाले. घेतलं ते माझ्या आत्तेभावाने. एसी बसवला, भिंतीवर आधीच्या निकालांचे चार्ट चिकटवले, आणि दुपारी बारानंतर तिथं पाय ठेवायला जागा नसायची. आमचा एक जुना गिऱ्हाईक होता, एसटीत कंडक्टर, पगार झाला की आण्णांकडून एक तिकीट घ्यायचा, शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवायचा आणि निकालादिवशी पेपर घेऊन यायचा. तो माणूस खाकी ड्रेसमध्ये त्या दुकानात बसलेला मी स्वतः बघितलाय, मांडीवर वही, वहीत सकाळपासूनच्या सगळ्या जोड्या लिहिलेल्या, पायाखाली हरलेल्या पावत्यांचा खच, आणि ड्युटीची वेळ होऊन गेलेली. काही महिन्यांनी तो आण्णांकडे उसने मागायला आला. आण्णांनी पैसे दिले नाहीत, त्याला चहा पाजला आणि तडक समोर जाऊन भाच्याला सांगितलं, याला उद्यापासून आत बसू देऊ नको, याच्या घरी तीन लेकरं आहेत.

आत्तेभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, तुम्ही काय देवळाबाहेर फुलं विकता का? तुमची लॉटरी, माझी पण लॉटरीच."

आण्णा काही न बोलता परत आले. ते वाक्य आमच्या घरात आजही लग्नकार्यात कुणीतरी काढतं, आणि तुमच्या घरच्यांचं "सगळा जुगारच" हे त्याच जातीचं आहे. तर त्याचं उत्तर असं आहे. आण्णांचं तिकीट कुणालाही लागो, आण्णांच्या खिशातून दमडी जात नव्हती. उलट मोठं बक्षीस लागलं तर स्टॉलवर बोर्ड लागायचा, विक्री वाढायची, म्हणजे गिऱ्हाईक जिंकावं असंच त्यांना वाटायचं. न खपलेली तिकिटं त्यांच्या अंगावर पडायची, तरी कुणाला आग्रह करून दुसरं तिकीट गळ्यात मारलं नाही. आणि मोबाइलवर जो बसलाय तो तुमच्या भावाच्या समोरच्या बाजूला बसलाय. भाऊ जिंकला तर ते पैसे त्याच्या खिशातून जाणार. मग मोठी रक्कम लागली की अकाउंट ब्लॉक, "केवायसी बाकी आहे", "आधी जीएसटी भरा". सरकारी लॉटरीत बक्षीस लागलं तर ते 10,000 च्या वर असेल तर पूर्ण रकमेवर 30 टक्के कर बक्षिसातूनच कापून घेतात, जिंकणाऱ्याला आधी काही भरायला सांगत नाहीत. जो भरायला सांगतो तो चोर, यात चर्चाच नाही.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिशोब मांडा. शंभर जोड्या, रुपयाला नव्वद, म्हणजे शंभर लावले की सरासरी दहा गेले. कागदी तिकिटात रुपयामागे खरं तर याहून जास्त जातात, हे मी मान्य करतो, भाऊ हेच तोंडावर फेकेल. पण तिथं आठवड्याला एक तिकीट घेतलं की विषय संपला. इथं पंधरा मिनिटांनी परत, हजार रुपये घेऊन बसला आणि हातात उरेल ते परत परत लावत गेला तर सात ड्रॉमध्ये, म्हणजे दोन तासांच्या आत, सरासरीने निम्म्याहून कमी उरतात. ॲपवर तर पंधरा मिनिटंसुद्धा थांबावं लागत नाही, एका मिनिटाचे गेम पण त्यातच असतात. कंडक्टर वाया गेला तो असाच.

कायदेशीर आहे का हे तुम्ही विचारलं होतं, ते राहिलंच. नाही. 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवायला बंदी, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. परदेशातही सगळीकडे चालतं असं भावाला वाटत असेल तर ऑस्ट्रेलियाने लॉटरीच्या निकालावर ऑनलाइन पैसे लावणं जानेवारी 2019 पासून बंद केलंय, खरी लॉटरी मात्र तिथं चालू आहे. म्हणजे हा फरक मी एकट्याने काढलेला नाही. सुप्रीम कोर्टानेही 2015 मध्ये केरळची बाजू मान्य केली होती, की राज्य स्वतःची कागदी लॉटरी चालवून ऑनलाइन लॉटरीवर बंदी घालू शकतं.

आता एवढं बोललो तर हेही सांगतो की आत्तेभावाच्या दुकानातल्या लॉटऱ्या तेव्हा कागदोपत्री सरकारमान्यच होत्या, त्याला मी बेकायदेशीर म्हणत नाही, आणि कागदी तिकिटांत पगार उडवणारी माणसं पण आण्णांनी बघितलीत. कागदी तिकीट घ्या असंही मी कुणाला सांगत नाही, मी स्वतः घेत नाही. पण सोडत उघड होते, कागद हातात राहतो, पैसा सरकारजमा होतो आणि विकणारा तुमच्या हरण्यावर जगत नाही, या चार गोष्टी ज्याच्याकडे नाहीत त्याने आण्णांच्या धंद्याशी बरोबरी करू नये.

भावाशी कायद्यावर वाद घालत बसू नका, तो ऐकणार नाही. त्याच्याबरोबर बसून बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि गेलेले नि आलेले वेगळे लिहा. आलेले कुठून आलेत ते जास्त नीट बघा, कारण ही मंडळी जिंकलेले पैसे भलत्याच लोकांच्या खात्यांवरून पाठवतात, आणि त्यातल्या एखाद्या खात्यावर सायबरची तक्रार असली तर तुमच्या भावाचंही खातं गोठवतात. पगार त्याच खात्यात येत असेल तर आजच्या आज दुसरं खातं उघडा.