गोव्यात दिवसभर दुचाकीवर असतो, फोनसाठी सगळ्यात मजबूत कव्हर कोणतं घ्यावं?

डिलिव्हरीचं काम, फोन दोनदा पडलाय आणि दोन हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी उत्तर द्यायला बसले ते ‘सगळ्यात मजबूत’ या शब्दांमुळे. गोव्यात राहता ना? मग सगळ्यात मजबूत नको. दोन अंगठ्यांनी पटकन निघेल असं घ्या.

मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. निम्मी गिऱ्हाइकं चोडण बेटावर, निम्मी मांडवीच्या अलीकडच्या काठाला रिबंदरला; मध्ये फेरीबोट. पावती फोनवरूनच निघते, त्यामुळे फोन बंद पडला की वसुली बंद. दोन वर्षांपूर्वी भावोजींनी मला अठराशे रुपयांचं कव्हर आणून दिलं. बाहेरून जाड रबर, आत कडक प्लास्टिकचे दोन भाग, पडद्याभोवती चौकट, चार्जिंगच्या भोकाला रबराचं बूच. “मिलिटरी ग्रेड आहे, आता फोनची काळजी सोड,” म्हणाले. एकदा साफ करायला उघडायला गेले तर नख मुळापासून उलटलं. परत कधी उघडलं नाही.

मे महिन्यात फेरीतून स्कूटर उतरवताना पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून फोन निसटला. फेरीची लोखंडी फळी धक्क्याला टेकलेली, तिच्या कडेला पाणी हिंदकळत होतं, त्यातच कोपऱ्यावर आपटला आणि पाण्यात पालथा पडला. मागच्या मोटरसायकलवाल्याने लगेच उचलून दिला. काचेला ओरखडासुद्धा नाही. मी ओढणीने वरून पुसला आणि पुढच्या घरी गेले. संध्याकाळी भावोजींना सांगितलं तर त्यांनी घरच्या ग्रुपवर कव्हराचा फोटो टाकला.

तिसऱ्या दिवशी चार्जर लावला की ओलाव्याची सूचना यायला लागली. पाचव्या दिवशी स्पीकर खरखरला आणि फोन चार्जच होईना. पणजीत दुरुस्तीवाल्या मुलाने पातळ पट्टी घालून कव्हर उचकटलं. आत फोनच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ होती, अगदी मिठागराच्या कडेला वाळते तशी, आणि खाली बारीक करडा गाळ. चार्जिंगच्या भोकात दोन ठिकाणी हिरवं चढलेलं. पावसात मांडवीचं पाणी बरंच गोडं होतं, पण मे महिन्यात रिबंदरपर्यंत खारंच असतं. ते खारं पाणी बुचाच्या मागे पाच दिवस कोंडून राहिलं, आणि मी रोज रात्री त्यात चार्जर खुपसत होते. ओल्या मिठातून वीज गेली की आतली तांब्याची टोकं झपाट्याने गंजतात. साडेचार हजार गेले आणि आठवडाभर मी वहीवर पावत्या लिहिल्या. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना वाटलं, बाईने काही घोटाळा केला.

भावोजी आजही म्हणतात, “कव्हराने त्याचं काम केलं, पाण्यात तू टाकलास.” पडण्यापुरतं केलं, हे मी मान्य करते. पण ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे काय, हे मी तेव्हापासून वाचून ठेवलंय. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची चाचण्यांची पुस्तिका. तिच्या ‘जी’ (G) आवृत्तीत साधारण १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायची चाचणी आहे, तीही काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर. आणि ते २६ पाड पाच नगांत वाटून घेता येतात. प्रमाणपत्र देणारं कुठलंही सरकारी खातं नाही, चाचणी कंपनीच करते किंवा करवून घेते आणि शिक्काही तीच मारते. पडण्याची चाचणी पास झाली म्हणून खारं पाणी आत जाणार नाही असं त्यात कुठेच नाही. फोनचं आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, तोसुद्धा गोड्या पाण्यावर तपासलेला असतो.

तेव्हा दुकानात उभं राहून एवढंच बघा. टीपीयूचं (रबरासारखं वाकणारं प्लास्टिक), लवचीक, एका तुकड्याचं असावं. फोन पालथा ठेवला तर काच टेबलाला टेकू नये, कॅमेऱ्याची कडही उंच हवी. चारही कोपरे फुगीर हवेत, कारण फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावरच पडतो. बूच नको. पाचशेच्या आत मिळतं. उरलेल्या पैशातून पडद्यावर काच चिकटवून घ्या. घरी आलात की कव्हर काढा, नळाखाली धुवा, फोन पुसा, दोन्ही वाळल्यावरच चार्जर लावा. समुद्रकिनाऱ्यावर डिलिव्हरी असेल तर हे रोजचंच. आत अडकलेली वाळू काचेपेक्षा कडक असते, कव्हराच्या आतूनच फोन घासत राहते.

दुचाकीचं म्हणाल तर हँडलला फोन अडकवत असाल तर कव्हर कितीही जाड असो, इंजिनाची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचते. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की मोठ्या मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. थरथर शोषणारा होल्डर घ्या.

दोन गोष्टी राहिल्या. फोन खाऱ्या पाण्यात पडला आणि तो आयपीवाला असेल, तर बंद करून गोड्या पाण्याने हलकेच विसळा. साधा असेल तर विसळू नका, बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. दुसरं, तुमच्या जागी कोणी चिऱ्याच्या खाणीवर किंवा बांधकामावर असता तर मीही जाड कव्हरच सांगितलं असतं, भावोजी तिथे बरोबर आहेत. फक्त तेही रात्री निघणारं हवं.